डोळ्यांखालचं काळं

(वरवंड, ता. दौंड, जि. पुणे इथं बचत गटांतल्या महिला आणि ब्यूटी पार्लरचं काम शिकणाऱ्या मुली यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर.)



घरच्या घरी डोळ्यांचा मेकअप कसा करायचा आणि कन्सीलर कसं लावायचं, असा विषय तुम्ही मला दिलात. इकडे यायला निघाले तेव्हा आमच्या संघटनेतली एकजण म्हणाली, "अगं, बायकांच्या मेळाव्यात आता काजळ-पावडरीवर भाषण करायचं का?" मी म्हटलं, करायचं. रेशन, पाणी, दारू, सातबाऱ्यावर नाव हे सगळं आपण बोलतो. मग रोज सकाळी आरशासमोर उभं राहून आपण जे करतो त्यावर का बोलायचं नाही?

तिचं म्हणणं अगदीच कशातून आलं नव्हतं. १९९६ साली बंगळूरला मिस वर्ल्ड स्पर्धा झाली तेव्हा अनेक स्त्री संघटना विरोधात रस्त्यावर उतरल्या होत्या. बाईच्या अंगाची मापं काढून तिची किंमत ठरवायची, याला तो विरोध होता, आणि तो योग्यच होता. पण त्या भांडणात आपल्यातल्या काहीजणींनी काजळाच्या डबीवरच राग काढला. नटणारी बाई म्हणजे अजून जागी न झालेली बाई, असं आपणच ठरवून टाकलं. हे मला कधी पटलं नाही. कारण आपल्याकडे नटण्याची सक्ती जशी आहे तशी न नटण्याचीही आहे, आणि ती दुसरी जास्त जुनी आणि जास्त क्रूर आहे.

इथून जवळच केडगाव आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली आणि बायका आणल्या, आणि केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. त्याआधी १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, ते बालविधवांसाठी. त्या मुलींच्या बाबतीत काय केलं जायचं? डोक्यावरचे केस काढायचे, कुंकू पुसायचं, काजळ बंद. आठ-दहा वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांतलं काजळ! आणि हे फार जुनं झालं म्हणावं तर मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला ठराव करावा लागला, की आमच्या गावात नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. शासनानं लगेच परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. तुमच्या गटात कुणी अशी बहीण असेल आणि आज प्रात्यक्षिकाला ती मागं सरून बसली असेल, तर तिला हाताला धरून पुढं आणा. तिच्यापासूनच सुरुवात करू.

दुसरीकडे चौफुला. तिथल्या कला केंद्रांतल्या बायका रोज संध्याकाळी आरशासमोर बसून स्वतःच्या हातानं चेहरा रंगवतात. त्यांची ती कामावर जायची तयारी आहे. आपण शेतावर जाताना डोक्याला फडकं बांधतो, तशीच. रात्री बैठकीला जाऊन बसणारा पुरुष सकाळी घरी बायकोला म्हणतो, "चौफुल्याच्या बाईसारखं तोंड रंगवू नकोस." दोन्हीकडच्या बाईच्या तोंडावर काय असावं, हे ठरवणारा तोच. आपल्या मराठीत तर "थोबाड रंगवीन" म्हणजे मारीन. रंग लावणं आणि मारणं यांना आपण एकच शब्द वापरतो! त्याकडे मी पुढं येणारच आहे.

आता कामाचं बोलू. आपल्या डोळ्यांखाली काळं का येतं? काहींना ते जन्मतःच असतं, आईला असतं म्हणून लेकीला. तिथली कातडी शरीरात सगळ्यांत पातळ, त्यामुळे आतल्या शिरांचा निळसरपणा वर दिसतो. डोळे चोळायची सवय, धुराची चूल, ॲलर्जी यांनी ते वाढतं. जागरणानं वाढतं. ऊसतोडीच्या हंगामात पहाटे तीनला उठणाऱ्या बाईला, किंवा रात्रीची लाईट असली म्हणून पाणी धरायला जाणाऱ्या बाईला "आठ तास झोप घ्या" असं सांगणाऱ्या लेखांचं मला हसू येतं. झोप काय बाजारात मिळते? घरातल्या कामाची वाटणी झाल्याशिवाय ती मिळत नाही.

आणि रक्त कमी असलं की चेहरा फिकट पडतो नि तेच काळं जास्त उठून दिसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. या मांडवात शंभरजणी असतील तर पन्नासहून जास्त, असा त्याचा अर्थ. त्याच्या आधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ होतं, म्हणजे ते वाढलंय. कन्सीलर घ्यायच्या आधी खालची पापणी जरा ओढून आरशात बघा. आतून लालगुलाबी दिसायला हवं. पांढरट दिसलं तर सरकारी दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन तपासा. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ च्या खाली नसावं, गरोदर बाईचं ११ च्या. लोहाच्या गोळ्या तिथं फुकट मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेलं काही खाल्लंत तर उलट चांगलं.

हे तपासून झालं, आणि तरी झाकावंसं वाटलं, तर खुशाल झाका. हात आणि तोंड धुवा. जरासं क्रीम किंवा खोबरेल लावून टिपून घ्या, नाहीतर कोरड्या कातडीवर रंगाच्या चिरा पडतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर थेट गोरं कन्सीलर थापलं की डोळ्यांखाली राख फासल्यासारखं दिसतं. दुकानदार गोरीच शेड पुढं करतो, कारण त्याच्याकडे तीच असते. ऐकू नका. आधी नारिंगी किंवा पीच रंगाचं करेक्टर, तांदळाच्या दाण्याएवढं. नारिंगी रंग निळसर-जांभळ्याला मारतो. करंगळीशेजारच्या बोटानं थापटत पसरा, घासू नका, त्या बोटाचा जोर कमी पडतो म्हणून तेच. त्यावर आपल्या कातडीच्या रंगाचं कन्सीलर, तेही तेवढंच. रंग मनगटावर लावून बघू नका, जबड्याच्या कडेला लावून दारात उजेडात या. ट्यूबलाईटखाली सगळंच बरं दिसतं. वरून चिमूटभर पावडर. झालं.

काजळाचं मात्र जरा सविस्तर सांगते. आपल्या आज्या एरंडेलाचा दिवा लावून त्यावर तांब्याचं ताम्हन पालथं धरायच्या, काजळी खरवडून तुपात खलायच्या. त्यात सुरम्यासारखं शिसं नसतं, पण काजळी शेवटी काजळीच, आणि डबीत सगळ्या घराची बोटं बुडतात. एकीचे डोळे आले की सगळ्यांचे येतात. सुरम्याची गोष्ट वेगळी. पारंपरिक सुरमा ज्या चकचकीत काळ्या दगडापासून करतात त्यात शिसं असतं, आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं. बाळाच्या डोळ्यांत काही म्हणता काही घालू नका, सुरमाही नाही, घरचं काजळही नाही. दृष्ट लागू नये असं आजीला वाटत असेल तर तीट तळपायाला लावा, आजीचंही मन राहील. स्वतःला लावताना काजळ पापणीच्या केसांच्या बाहेरच्या कडेला लावा, आतल्या ओल्या कडेला नको. आपली पेन्सिल आपलीच, जावेचीही नको. मस्कारा उघडल्यावर तीन-चार महिन्यांत टाकून द्या. झोपायच्या आधी कापसावर खोबरेल घेऊन सगळं पुसून काढा, मग तोंड धुवा.

प्रसाधनांना रंग देण्यासाठी शिशाचे किंवा आर्सेनिकचे पदार्थ वापरायला आपल्याकडे कायद्यानं बंदी आहे. पण आठवडी बाजारात बिनलेबलाची डबी मिळतेच. बनवणाऱ्याचं नाव, बॅच नंबर, वापराची मुदत हे नसेल तर घेऊ नका, पार्लरवाल्या मुलींनी तर मुळीच नको. गोरं करणाऱ्या क्रीममध्ये पारा घालतात. २०२३ साली अकोल्यातल्या मायलेकींच्या मूत्रपिंडांचा आजार अशाच एका क्रीमपर्यंत येऊन पोचला. त्याच वर्षी केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनाही गोरेपणाची क्रीम वापरणारे असेच रुग्ण सापडले. गोरेपणाच्या हट्टाची किंमत मूत्रपिंडानं द्यायची म्हणजे फारच झालं.

आता "थोबाड रंगवीन"कडे येते.

नोव्हेंबर २०१६ मध्ये मोरोक्को देशातल्या एका सरकारी टीव्ही वाहिनीवर, सकाळच्या बायकांच्या कार्यक्रमात, एक प्रात्यक्षिक दाखवलं. समोर बसलेल्या बाईच्या गालावर, डोळ्याखाली माराचे वळ रंगवलेले, आणि मेकअप करणारी हसतमुखानं सांगते आहे, हे कसं झाकायचं, म्हणजे तुम्हाला रोजच्यासारखं कामावर जाता येईल. स्त्रियांवरच्या हिंसेच्या निषेधाचा २५ नोव्हेंबर हा दिवस दोन दिवसांवर आलेला! तिथल्या बायकांनी एवढा संताप व्यक्त केला, की वाहिनीला माफी मागावी लागली. मला मात्र त्या मेकअप करणारीचा नुसता राग येत नाही. बायका हे रोज करतात हे तिला ठाऊक होतं. नारिंगी रंग निळ्याला मारतो, हिरवा लालीला मारतो, पिवळा जांभळ्याला. हे गणित अंधारी वर्तुळं आणि माराचे वळ असा भेद करत नाही.

पार्लरचं काम शिकणाऱ्या मुलींनो, हे तुमच्यासाठी आहे. पोलिसाच्या आधी, वकिलाच्या आधी, पुष्कळदा आईच्याही आधी ते वळ तुम्ही बघणार आहात. लग्नाला जायचंय, एवढं झाकून दे, असं म्हणत ती येईल. म्हशीनं शिंग मारलं, कडी लागली, मोरीत पाय घसरला. वळ आधी लालसर-जांभळा असतो, मग निळा-काळा, मग हिरवट, आठ-दहा दिवसांत पिवळा होऊन जातो. एकाच चेहऱ्यावर हिरवा आणि जांभळा असे दोन्ही दिसले तर पाय दोनदा घसरला का, असा प्रश्न मनात यायला हवा. तो सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारू नका. बरोबर सासू किंवा नणंद आली असेल तर केस धुवायच्या निमित्तानं तिला आत न्या, आणि एवढंच विचारा, "ताई, घरी सगळं ठीक आहे ना?" ती हो म्हणाली तर हो. खोदू नका. पण पुढच्या वेळी ती तुमच्याकडेच येईल.

डोळ्याला मार लागलेला असला तर रंगाच्या डबीला हात लावण्याआधी बघा. धूसर दिसतंय का, एकाचे दोन दिसतात का, बुबुळासमोर रक्त साचलंय का, उलट्या होतात का, किंवा डोक्याला मार लागून दोन्ही डोळे काळे पडलेत का. यातलं एक जरी असलं तरी मेकअप राहू द्या, तिला दवाखान्यात न्या. आणि काही नसलं तरी झाकण्यापूर्वी तिची परवानगी घेऊन तिच्याच फोनवर, चांगल्या उजेडात, फोटो काढा. फोन नवरा बघत असेल तर तिच्या विश्वासातल्या माणसाकडे पाठवून तिथून पुसून टाका. डॉक्टरांना केसपेपरवर मार कसा नि कुणाकडून लागला ते लिहायला सांगा. "पडून" असं एकदा लिहिलं गेलं की पुढं ते खोडता येत नाही.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याखाली बाईला संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि घर कुणाच्याही नावावर असो, त्यात राहण्याचा हक्क मागता येतो. पूर्वीचं ४९८-अ कलम आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ क्रमांकाचं झालं आहे. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका, विधी सेवा समितीकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाईन, आणि मार चालू असेल तर ११२. हे दोन आकडे पार्लरच्या आरशाच्या कडेला, दरपत्रकाशेजारी लिहून ठेवा. पुरुष पार्लरमध्ये आत येत नाही, ही तुमच्या जागेची मोठी सोय आहे.

आणि एवढं सगळं सांगूनही ती म्हणाली, "नको, आज फक्त झाकून दे," तर झाकून द्या. नीट, मन लावून, तिच्या कातडीच्या रंगाचं. उद्या कामावर जाऊन रोज कमवायचा आहे, गावाच्या नजरा चुकवायच्या आहेत, पोराला शाळेत सोडायचं आहे. तो चेहरा कधी, कुणाला दाखवायचा हे तिचं तिला ठरवू द्या. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात २०१७ पासून पार्लरचा परवाना चालू ठेवायला अशा खुणा ओळखण्याचं एक तासाचं शिक्षण घ्यावं लागतं. आपल्याकडे पार्लरच्या शिक्षणात भुवया कोरायला आठवडे जातात. त्यातला एक तास यासाठी मागायला काय हरकत आहे? ज्या केंद्रांत तुम्ही शिकता तिथं अर्ज करा. मसुदा आपण जेवणानंतर बसून करू.

आता प्रात्यक्षिक. चौघी पुढं या. त्यातली एक तरी मघाशी सांगितली ती, मागं सरून बसलेली हवी. साबण आणि बादली मांडवाच्या मागं ठेवली आहे, हात धुऊन या.