म्हातारपणाची बेगमी



मिरगाच्या आधी आपल्या घरांतून काय धांदल चाललेली असते, ते मी तुम्हांला सांगायला नको. सरपण आत येतं, कुरडया-पापड डब्यांत जातात, डाळींना ऊन दाखवून त्या भरून ठेवतात. चार महिन्यांच्या पावसाची बेगमी आपण इतकी नीट करतो. पण साठीनंतरच्या वीस-पंचवीस वर्षांची बेगमी केली आहे का, असं विचारलं, की बहुतेक जण मुलाकडे बोट दाखवतात. मुलगा पुण्याला नाहीतर भिवंडीला. त्याला दोष तरी कसा द्यावा? त्याचंच त्याला पुरत नाही.

मागे एकदा मी तालुक्याच्या बँकेत रांगेत उभा होतो. माझ्या पुढे शेजारच्या वाडीतले एक गृहस्थ, अडीच एकरांचे धनी. बरोबर एकोणीस वर्षांचा मुलगा. गृहस्थांना अटल पेन्शन योजनेत नाव घालायचं होतं. कारकुनानं आधार कार्ड पाहिलं आणि म्हणाला, "काका, तुम्हांला बेचाळीस पुरी झाली. चाळीसच्या पुढे नाव घेता येत नाही." गृहस्थ जरा वेळ गप्प राहिले. मग मुलाला पुढे करून म्हणाले, "मग ह्याचं तर घ्या."

ही योजना केंद्र सरकारनं २०१५ साली काढली. १८ ते ४० वयाच्या माणसाला तींत जाता येतं. बँकेत किंवा पोस्टात बचत खातं पाहिजे. १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्यांना मात्र नव्यानं नाव घालता येत नाही. साठीनंतर महिना १,००० पासून ५,००० रुपयांपर्यंत, जशी निवड कराल तशी पेन्शन, आणि तेवढ्या रकमेची सरकारची हमी.

आता हिशेब पाहा. गुरुजींनी हा फळ्यावर मांडावा, मुलांना चक्रवाढ व्याज पुस्तकापेक्षा लवकर कळेल. ५,००० ची पेन्शन हवी असेल, तर १८ व्या वर्षी आत गेलेल्याला महिना २१० रुपये भरावे लागतात. ४० व्या वर्षी जाणाऱ्याला महिना १,४५४. पहिला ४२ वर्षं भरतो, त्याचे एकूण होतात १,०५,८४०. दुसरा २० च वर्षं भरतो आणि त्याचे होतात ३,४८,९६०. पेन्शन दोघांना सारखीच! पहिल्याचा रुपया बेचाळीस वर्षं राबला, दुसऱ्याचा वीस, एवढाच काय तो फरक.

हप्ता महिन्याचाच असला पाहिजे असं नाही, बरं का. तीन महिन्यांनी किंवा सहा महिन्यांनीही भरता येतो. ज्यांच्या घरात पैसा सुगीलाच येतो त्यांना सहामाही हप्ता सोयीचा. फक्त त्या तारखेला खात्यात रक्कम असावी.

तुम्ही म्हणाल, चला, हप्ता सुरू केला म्हणजे सुटलो. नाही. थेंबे थेंबे तळं साचतं हे खरं, पण ह्या तळ्याला गळती आहे आणि तिचं नाव महागाई. दर साल शेकडा ६ नं भाव चढत गेले, तर बारा वर्षांत ते दुप्पट होतात आणि छत्तीस वर्षांत आठपट. म्हणजे छत्तीस वर्षांनी हातात पडणाऱ्या ५,००० रुपयांत आजचा सव्वासहाशेचा बाजार येईल. सरकारची हमी आकड्याची आहे, बाजाराची नाही. हे सांगणाऱ्यानं सांगावं, लपवू नये.

म्हणून ही पेन्शन जोत्यासारखी धरा. भिंती आपल्या आपण बांधायच्या. राष्ट्रीय पेन्शन योजना १ मे २००९ पासून सर्व नागरिकांना खुली आहे, चाळिशी उलटलेल्यांनाही. तींतला पैसा शेअर आणि रोख्यांत जातो. तो महागाईच्या पुढे धावू शकतो, पण त्याला हमी नाही, भाव पडले की जमाही खाली येते. ज्याला ही धाकधूक नको, त्यानं पोस्टाचं पीपीएफ खातं उघडावं; मुदत पंधरा वर्षं. माझ्या मते, मिळकत वाढेल त्या साली हप्ताही वाढवावा. अटल पेन्शनमध्येसुद्धा वर्षातून एकदा पेन्शनची रक्कम वाढवून घेता येते.

१ नोव्हेंबर २००५ नंतर महाराष्ट्रात लागलेल्या शिक्षकांना जुनी पेन्शन मिळाली नाही, त्यावरून मार्च २०२३ मध्ये संपही झाला. तो वाद इथं नको. पण गुरुजी, पगारातून कापलेली रक्कम आपल्या खात्यावर खरोखर जमा होते का, हे वर्षातून एकदा तरी उतारा काढून पाहता का?

कारखान्यात जाणाऱ्या मुलांना एक सांगा. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत महिन्याच्या पेन्शनीला दहा वर्षांची नोकरी भरावी लागते. एक नोकरी सोडली की फंडाबरोबर पेन्शनचेही पैसे काढून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. मागची वर्षं त्याबरोबर पुसली जातात. पैसे न काढता ती नोकरी पुढच्या नोकरीत जोडून घेता येते.

त्या गृहस्थांची गोष्ट मात्र अर्धी राहिली. मुलाचा २२८ रुपयांचा हप्ता ठरला आणि आम्ही बरोबरच एस.टी. स्टँडकडे निघालो. वाटेत मी विचारलं, "कारभारणीचं वय काय?" म्हणाले, "असेल अडतीस." नवऱ्याचं नाव असलं आणि तो वारला, तर तीच पेन्शन पुढे बायकोला मिळते, हे त्यांना ठाऊक होतं. बायकोचं स्वतःचंही नाव घालता येतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "तिचं खातं आहे का?" म्हटलं, तर म्हणाले, "आहे की, बचत गटाचं काम बघते ती."

एस.टी. यायला अजून तास होता. त्यांनी मुलाला पिशवी दिली, वडाप पकडलं आणि तिला घेऊन यायला वाडीकडे गेले.