धर्मशिक्षण मराठीतच हवे

वसईत जमलेल्या माझ्या मराठी ख्रिस्ती बंधुभगिनींनो,

आपण मला या अधिवेशनाचे अध्यक्ष केलेत, तेव्हा आज चार कडू शब्द ऐकून घ्यावे लागतील. आपल्या धर्मग्रामांतून मराठी हद्दपार होत आहे आणि तिला हद्दपार आपणच करत आहोत.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. १६१६ साली तिथेच राशोलला त्याचे मराठी ख्रिस्तपुराण छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्या! नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांची जुनी पुराणे सुटली होती, पण कानातली ओवी सुटली नव्हती. स्टीफन्सने तिच्याशी वैर धरले नाही. त्याच ओवीत त्याने येशूचे चरित्र सांगितले आणि लोकांनी ते देवळात बसून ऐकले. एका इंग्रजाला जे उमगले, ते आपल्या पालकांना का उमगू नये?

पुढे याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की देशी लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. आज तसे फर्मान कोणी काढलेले नाही. ‘मुलं इंग्रजी माध्यमात आहेत’ एवढ्या एका सबबीवर रविवारच्या वर्गातले मराठी पुस्तक आपणच मिटले. इंग्रजी पोटासाठी शिकवा, जरूर शिकवा. पण पहिल्या कम्युनियनला ‘अवर फादर’ घडाघडा म्हणणारे पोर संध्याकाळी आजीच्या खाटेशी रोझरीला बसते, तेव्हा काय होते? आजी आपली अर्धी प्रार्थना म्हणून थांबते. पुढची अर्धी त्याने म्हणायची असते. ती त्याला येत नाही! याला आपण श्रद्धेचे शिक्षण म्हणायचे?

मराठी रीतींबद्दलही काहीजण म्हणतात, आरती, भजन, कीर्तन हे आपले नव्हे. कोणी सांगितले? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ साली, खुद्द रोमने भारतातल्या उपासनेत आरतीला, हात जोडून नमस्काराला, जमिनीवर बसण्याला मान्यता दिली. त्याच्या कितीतरी आधी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजन ख्रिस्तचरणी वाहिले होते. त्यांचे अपुरे ख्रिस्तायन हे काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ही आपली वडिलोपार्जित मिळकत आहे. तिला परकी म्हणणाऱ्याने आधी नाताळच्या झाडाचे गाव कोणते ते सांगावे.

धर्मगुरूंनाही माझे सांगणे आहे. मराठी प्रवचन वाचून दाखवू नका, बोला. सेमिनरीत तुकोबा आणि ख्रिस्तपुराण शिकवा. धर्मशिक्षकांना मराठी पुस्तके द्या आणि वर्षातून एकदा तरी कीर्तनाचा, ओवीगायनाचा वर्ग घ्या. सामवेदी बोलीतली लग्नगीते ज्या आजींना येतात, त्यांना धर्मशिक्षणाच्या वर्गात मानाने बसवा.

प्रत्येक धर्मग्रामात धर्मशिक्षणाचा निदान एक वर्ग मराठीत चालावा, असा ठराव मी खुल्या अधिवेशनात मांडणार आहे. ज्यांना तो मान्य नसेल त्यांनी उठून विरोध करावा. उत्तर द्यायला मी संध्याकाळपर्यंत इथेच आहे.