दार उघडं आहे, मुलगी कुठे आहे?

(बीड जिल्ह्यातील महिला गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलामुलींची एकत्र शाळा आपल्याकडे कशी आली आणि कशी वाढली, यावर मला बोलायला सांगितलं आहे. शाळेचा इतिहास म्हटला की संस्थापकांची नावं, इमारत आणि दहावीचा निकाल एवढंच सांगितलं जातं. मुली कधी आल्या, कोणत्या वर्गातून गळाल्या, हे कोणी सांगत नाही. आपण त्याच बाजूने पाहू या.

1880 साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघालं, ते मुलांसाठी. 1884 मध्ये हुजूरपागेत मुलींची शाळा निघाली. मुलींना इंग्रजी आणि वरचं शिक्षण कशाला, म्हणून टिळकांनी तिला विरोध केला. आगरकरांनी मात्र मुलामुलींना एकच शिक्षण द्या आणि एकत्र द्या, असं ‘सुधारका’त ठणकावून मांडलं. म्हणजे पुण्यात निदान वाद तरी झाला.

आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. वरच्या सरकारी शिक्षणाचं माध्यम उर्दू आणि घरात मराठी. अशा वेळी मराठी शाळा चालवणं हेच राजकारण होतं. 1935 मध्ये स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याहून अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला आले आणि योगेश्वरी नूतन विद्यालयाच्या कामाला लागले. 1938 मध्ये शाळा सोडून ते हैदराबादच्या लढ्यात उतरले. हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगायलाच हवा. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपली.

पुढे 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या. खेड्यापाड्यांत शाळा वाढल्या. गावात एकच शाळा, एकच मास्तर, म्हणून मुलंमुली एकत्र बसली. आगरकर पटले म्हणून नव्हे, दुसरी शाळा परवडत नव्हती म्हणून! तरीही त्याचा फायदा झाला. तेच गणित, तीच परीक्षा मुलीच्याही वाट्याला आली. पण वर्ग झाडायला मुली आणि मैदानावर खेळायला मुलं, हे तसंच राहिलं. आमच्या गटांतल्या कितीतरी जणींची शाळा सातवीला सुटली, कारण हायस्कूल दुसऱ्या गावाला होतं. पोरगी एकटी कशी जाणार, हा एकच प्रश्न सगळ्या घरांत.

आता एसटीचा मोफत पास आहे. 2010 पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला आहे. पण चौदाव्या वर्षीच तर आपल्याकडे खरी अडचण सुरू होते. दसरा-दिवाळीला मुकादमाची गाडी येते. आईबाप सहा महिने उसाच्या फडात. वयात आलेली पोरगी कोणाजवळ ठेवायची? मग तिचं लग्न लावून टाकतात. नवराबायको मिळून एक कोयता होतो, कोयत्यावर उचल मिळते. वहीच्या जागी तिच्या हातात कोयता येतो. शाळेचं दार तिच्यासाठी उघडंच असतं, पण ती तिथे नसते.

तालुक्याच्या गावी दुसरंच चित्र दिसतं. इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बस आता वाडीवस्तीवरही येतात. पाटीवर ‘मुलामुलींसाठी’ असं लिहिलेलं असतं. पण फी एकाचीच भरता येत असेल, तर मुलगा बसमध्ये बसतो आणि मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत चालत जाते. माझा जिल्हा परिषदेच्या शाळेवर राग नाही, आपण तिथेच शिकलो. एका घरात दोन लेकरांचे दोन भाव का, हा माझा सवाल आहे.

2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात पुरुषांची साक्षरता सुमारे 86 टक्के आणि बायकांची सुमारे 68 टक्के होती. सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या 807. म्हणजे काही मुली तर शाळेच्या आधीच, जन्माच्याही आधीच गळाल्या.

मग करायचं काय? शाळेच्या व्यवस्थापन समितीत आपल्या बायका बसल्या पाहिजेत. तिथे हजेरीपट मागा. दिवाळीनंतर कोणत्या मुलींच्या नावापुढे गैरहजेरी लागते ते वाचा, आणि त्या घरी जा. हंगामी वसतिगृह दिवाळीनंतर नको, गाडी यायच्या आधी सुरू झालं पाहिजे. संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना 2021 ला जाहीर झाली. आपल्या तालुक्यात त्यातली मुलींसाठी किती खाटा प्रत्यक्ष आहेत, ते तहसीलवर जाऊन विचारा. संडासाला दार आणि पाणी आहे का, तेही बघा. आणि लग्नाची कुणकुण लागली तर 1098 ला फोन करा, मांडव पडायची वाट बघू नका.

मुलामुलींना एका वर्गात बसवलं की काम संपलं, असं समजू नका. दहावीच्या बाकावर ती पोहोचेपर्यंत आपली जबाबदारी आहे. येत्या दिवाळीनंतर प्रत्येक गटाने आपापल्या गावचा हजेरीपट वाचून यावं. पुढच्या बैठकीत आपण नावं घेऊन बोलू.