डुकराचे पिलू आणि त्याचा गोठा

साखळी हा डिचोली तालुक्यातील गाव लोहखनिजाच्या मुलखात वसलेला आहे. पावसाळ्यात येथील वाळवंटी नदी तांबड्या मातीने गढूळ होते. अशा मुलखात सिमेंटच्या स्वच्छ गोठ्यात जन्मलेले डुकराचे पिलू लोहाच्या अभावी फिके पडावे, याचे श्रोत्यांना नवल वाटेल. पण तसे घडू शकते. जन्मतः पिलाच्या अंगात सुमारे ५० मिलिग्रॅम लोह असते. रोजची गरज ७ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि आईच्या दुधातून मिळते जेमतेम १. मोकळे पिलू माती उकरते, चघळते व ही तूट भरून काढते. फरशीवर ती सोय नाही. म्हणून पहिल्या तीन-चार दिवसांतच लोहाची सुई टोचावी लागते. नाही तर पिलू खुरटते, धापा टाकू लागते.

उबेचा प्रश्नही असाच. नवजात पिलाला ३२ ते ३४ अंश ऊब हवी. आईला २० अंशांच्या सुमारास बरे वाटते. ओल्या फरशीवर पिले तिला बिलगतात आणि तिच्या अंगाखाली चिरडली जातात. कोपऱ्यात कोरडा पेंढा, वर दिवा आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर पक्का आडवा बांबू, एवढ्याने पुष्कळ पिले वाचतात. ती रास करून निजली तर थंडी वाजते आहे, हे समजावे.

पेंढा पुढेही उपयोगी पडतो. नाक खुपसावयास काही नसले, की दूध तुटलेली पिले एकमेकांच्या शेपट्या चावतात. पुष्कळ पाळणारे यालाच खोड समजून शेपट्या कापून टाकतात. पेंढा मात्र घालीत नाहीत.