जिंजी पाहून आल्यावर



रायगडाला वेढा पडला आणि राजाराम महाराज जिंजीला ‘पळाले’, असे आपण सहज बोलून जातो. आपल्या वर्गातले आम्ही सहाजण रत्नागिरीहून तामिळनाडूत जाऊन जिंजी पाहून आलो. तेव्हापासून तो शब्द माझ्या तोंडी येत नाही.

राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी असे तीन डोंगर आणि तिघांना जोडणारा तट. आपले डोळे जांभ्याला सरावलेले. तिथले एकावर एक रचल्यासारखे ग्रॅनाइटचे धोंडे खरेच वाटत नाहीत. राजगिरी चढताना दोघांचे गुडघे अर्ध्यावरच बोलू लागले. माथ्याजवळ डोंगराला खोल चीर आहे. तिच्यावरचा पूल काढला की शत्रू खालीच!

ही जागा शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये घेतली. बारा वर्षांनी राज्य संकटात आले, तेव्हा राजाराम महाराजांना कुठे जायचे हे शोधावे लागले नाही. तिथूनच त्यांनी कारभार चालवला. किल्ला घ्यायला झुल्फिकारखानाला १६९८ साल उजाडले, आणि तोवर महाराज निसटले होते. एवढी वर्षे मोगलांची मोठी फौज तिथे अडकून पडली. याला पळणे म्हणायचे?

२०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून बारा किल्ले निवडले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा जिंजी. त्या अकरांत आपल्या जिल्ह्यातला, हर्णैचा सुवर्णदुर्गही आहे. तो होडीतून जाऊन किती जणांनी पाहिलाय? हात वर करा बघू. बाकीच्यांनी जेवणाआधी माझ्याकडे नावे द्या, पाऊस सरला की होडी ठरवू.