दुरुस्त झालेली गाडी ‘टोटल लॉस’ कशी?

‘झीरो डेप’च्या भागानंतर सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हा: गॅरेजवाला म्हणतो गाडी होतेय, विमा कंपनी म्हणते टोटल लॉस, मग कुणाचं खरं? आज त्याच्याही एक पाऊल पुढची गोष्ट सांगतो. गाडी दुरुस्त होऊन रस्त्यावर धावायला लागली आणि नंतर पत्र आलं, की ती टोटल लॉस आहे. हे आमच्याच घरात घडलं, माझ्या दाजींच्या बाबतीत. कागदपत्रं मी सांभाळली, म्हणून आकड्यांसकट सांगू शकतो. कंपनीचं नाव घेत नाही.

आधी थोडं गणित. पॉलिसीवर आयडीव्ही लिहिलेली असते, म्हणजे विम्यापुरती गाडीची ठरलेली किंमत. ही गाडी नवी असताना ८ लाखांची. तीन वर्षं उलटली की ४० टक्के घसारा धरतात, म्हणून आयडीव्ही ४ लाख ८० हजार. आता नियम असा, की दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरायची. इथे ती रेघ येते ३ लाख ६० हजारांवर.

हे ७५ टक्के सगळ्यांना पाठ असतात. पण पॉलिसीच्या इंग्रजी मजकुरात त्याच वाक्यात आणखी एक तुकडा आहे, तो कुणी वाचत नाही: दुरुस्तीचा खर्च ‘पॉलिसीच्या अटींना धरून’ मोजायचा. म्हणजे गॅरेजचा कच्चा आकडा नाही. प्लास्टिक-रबरच्या भागांवर ५० टक्के घसारा, लोखंडी भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के, काचेला काही नाही. हे सगळं वजा करून जे उरतं, ते आयडीव्हीशी ताडायचं. माझ्या मते अख्खा वाद या एका तुकड्यात आहे.

आता घडलं काय. गळीत हंगामाचे दिवस, रात्रीची वेळ, पेठ नाक्याच्या अलीकडे. उसाची ट्रॉली, मागे रिफ्लेक्टर नाही. (यावर एक वेगळा भाग करायला हवा, खरंच.) दाजी वाचले, गाडीचं तोंड गेलं. दाजी बियाणांचे वितरक, रोज चार गावं फिरायची, गाडी नाही तर धंदा नाही. शोरूमच्या वर्कशॉपनं अंदाजपत्रक दिलं ३ लाख ९२ हजारांचं. वर्कशॉपवाले पहिल्या अंदाजात सगळंच ‘बदला’ लिहितात, उघडल्यावर काय निघेल सांगता येत नाही म्हणून. सर्व्हेअर आले, फोटो काढले, आणि मेलवर लिहून दिलं की गाडी उघडा, दुरुस्ती सुरू करा. उघडल्यावर इंजिन शाबूत निघालं. शेवटचं बिल झालं २ लाख ७१ हजार. कॅशलेस मंजुरी अडकून पडली होती, म्हणून ताईचे दागिने ठेवून पैसे भरले आणि गाडी घरी आणली.

तीन आठवड्यांनी पत्र. ‘अंदाजपत्रकानुसार खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त असल्याने दावा टोटल लॉस म्हणून निकाली काढत आहोत.’ सोबत दोन पर्याय. एक, गाडी, चाव्या, आरसी, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, बँकेची एनओसी, सगळं द्या आणि आयडीव्ही घ्या. दोन, गाडी ठेवा, पण तिची ‘सॅल्व्हेज’ किंमत, म्हणजे भंगाराचा भाव, ३ लाख १० हजार कापून घ्या.

वरवर पाहिलं तर पहिला पर्याय बरा वाटतो ना? २ लाख ७१ खर्च आणि ४ लाख ८० मिळतायत. पण करून बघा. ४ लाख ८० मधून बिलाचे पैसे गेले, उरले २ लाख ९ हजार. गाडीवर कर्ज बाकी २ लाख २५. म्हणजे गाडी देऊन वर १६ हजार खिशातून. दुसऱ्या पर्यायात हातात पडतात १ लाख ७० हजार, बिलापेक्षा एक लाखानं कमी.

आणि तो भंगाराचा भाव पाहा. ३ लाख १० हजार कुठून आला? भंगारवाल्यांकडून ऑनलाइन बोली मागवली होती. मी विचारलं, कुठल्या फोटोंवर? बोलीचा कागद मागून घेतला, तर तारीख दुरुस्तीनंतरची. फोटोत रंग मारलेली, नवा बॉनेट लावलेली गाडी! दाजींनी स्वतःच्या पैशानं गाडी उभी केली, आणि ती उभी आहे म्हणून तिची किंमत जास्त, आणि किंमत जास्त म्हणून दाजींना पैसे कमी. हे वाचून ताई मला म्हणाली, “अरे, मग मोडकीच ठेवायची होती का?”

कंपनीची बाजूही सांगतो. गाडीचा सांगाडाच वाकला असेल, पिलर दबले असतील, तर टोटल लॉस घ्यावा, हट्टानं दुरुस्त करू नये, घरचीच माणसं त्यात बसणार असतात. इथे तसं काही नव्हतं. सर्व्हेअरचा अहवाल मागितला, तो मागितल्यावर द्यावाच लागतो. त्यात सांगाडा ठीक असल्याचं लिहिलं होतं. शिवाय, अंदाजपत्रकावरसुद्धा घसारा कापून सर्व्हेअरनी देय रक्कम काढली होती ३ लाख २१ हजार. म्हणजे ६७ टक्के. कंपनीच्याच कागदावर रेघ ओलांडलेली नव्हती.

मग दाजींच्या नावानं तक्रार निवारण अधिकाऱ्याला दीड पानाचं पत्र लिहिलं. रागाचं एक वाक्य नाही. तीन मुद्दे: तुमच्या सर्व्हेअरनी लेखी परवानगी दिली, खरं बिल हातात असताना अंदाज कशाला धरता, आणि बोली दुरुस्त गाडीवर का. डिस्चार्ज व्हाउचर आलं होतं, ‘पूर्ण आणि अंतिम’ असं छापलेलं, त्यावर सही केली नाही. ही सही करू नका हो, फोनवर कितीही गोड बोलले तरी. नंतर भांडायला जागा फार थोडी उरते.

उत्तर आलं, ‘निर्णय कायम.’ मग विमा लोकपाल, पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील चालत नाही, आपणच बोलायचं. कंपनीनं नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जायचं, किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही तरी जाता येतं. ग्राहक आयोगात तीच तक्रार चालू असेल तर मात्र इथे घेत नाहीत.

सुनावणी पंचवीस मिनिटं झाली. कंपनीचे अधिकारी म्हणाले, पहिला अंदाजच निर्णयाचा आधार असतो. दाजींनी सर्व्हेअरचा मेल पुढे केला आणि विचारलं, “मग दुरुस्ती सुरू करा असं का लिहिलंत, साहेब?” त्यावर खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

आदेश आला, दावा दुरुस्ती धरूनच द्या. घसारा, सक्तीची वजावट सगळं जाऊन २ लाख १८ हजार. आदेशानंतर तीस दिवसांत द्यायचे असतात, अठ्ठाविसाव्या दिवशी जमा झाले. दागिने सुटले. वर्कशॉपनं पार्किंगचे म्हणून रोज दोनशे लावले होते, ते मिळाले नाहीत. चार महिने भाड्याच्या गाडीनं गावं फिरले, त्याचे तर नाहीच नाहीत, पॉलिसीत ते बसतच नाही.

तुमच्याकडे असं पत्र आलं असेल, तर आधी सर्व्हेअरचा अहवाल आणि बोलीचा कागद मागवा, तारखा बघा, मग मला लिहा. पुढच्या भागात पुरात बुडालेलं इंजिन. भेटूच.