अर्थ समजल्याशिवाय लिहू नकोस
(कृष्णपुरा येथील गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपला बाप्पा महाभारताचा लेखनिक. लेखणी थांबणार नाही, ही त्याची अट. आणि अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही, ही व्यासांची. आज आपल्या दुकानांत, कंपन्यांत चॅटजीपीटीसारखा जो नवा लेखनिक आला आहे, त्याची लेखणी थांबत नाही हे खरे. दुसरी अट मात्र त्याला कुणी घातलेली नाही.

मार्केटिंगमधली आपली मुले त्याच्याकडून जाहिराती, ग्राहकांना पाठवायची पत्रे, सगळे लिहून घेतात. पुष्कळदा साहेबांना पत्ताही नसतो. वापरू नका असे मी म्हणणार नाही, वेळ खरोखरच वाचतो. पण समजा, एखाद्या साडीच्या दुकानासाठी यंत्राने लिहिले की कृष्णपुऱ्याच्या छत्र्या अहिल्याबाईंच्या. आपण हसू. त्या कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीरावांच्या. अहिल्याबाई १७९५ मध्ये गेल्या त्या महेश्वरला. हे इथले शेंबडे पोरही सांगेल. (हल्लीच्या पोरांची खात्री देत नाही!) पण त्याच मजकुरात यंत्राने मनचेच 'शुद्ध रेशीम' घातले, तर ते कोण पकडणार? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास पन्नास. तो यंत्राला होत नाही.

एअर कॅनडाच्या चॅटबॉटने आजी वारलेल्या एका प्रवाशाला सांगितले, आधी तिकीट काढा, सवलत नंतर मागा. कंपनीचा नियम तसा नव्हता. चॅटबॉटच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही, असा बचाव कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. रक्कम किरकोळच होती, पण नाचक्की जगभर झाली.

याहून मला भीती वाटते ती ग्राहकांच्या यादीची. जुने मुनीमजी खतावणी पेढीबाहेर जाऊ देत नसत. आता नावे, मोबाइल नंबर, खरेदीचा हिशेब, सगळे एका झटक्यात परक्या यंत्रात चिकटवले जाते. सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी २०२३ मध्ये असाच कंपनीचा अंतर्गत कोड चॅटजीपीटीला दिला, आणि कंपनीला बंदी घालावी लागली. अशा बंदीचा फार उपयोग होतो असे मला वाटत नाही. मुले खिशातल्या फोनवर तेच करतात. त्यापेक्षा कंपनीनेच एक साधन ठरवून द्यावे, ग्राहकांची माहिती त्यात घालू नये, आणि बाहेर जाणारा प्रत्येक मजकूर ज्याला माल ठाऊक आहे अशा माणसाने वाचून खाली स्वतःचे नाव लिहावे.

आज घरी गेल्यावर मुलांना, सुनांना एवढे जरूर विचारा: तुमच्या ऑफिसात हे वाचतो कोण?